सुटणे, सोडणे आणि सुटू देणे : मिथेनविषयक धोरणांच्या भाषेची चिकित्सा

१

ऊर्जाक्षेत्रातून वातावरणात मिसळणाऱ्या मिथेन वायूला आळा घालण्यासाठी गेल्या काही वर्षांत जे जाहीरनामे, सनदा आणि कायदे निर्माण झाले, त्यांचा विचार मुख्यतः रसायनशास्त्र, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र या तीन अंगांनी झालेला आहे. विषयाचे स्वरूप पाहता हे स्वाभाविकच होय. तथापि कोणतेही धोरण अमलात येण्यापूर्वी ते वाक्यांच्या रूपाने अस्तित्वात येते. कोणी, काय, किती आणि केव्हापर्यंत करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे अखेर वाक्यातील कर्ता, क्रियापद, संख्यावाचक पद आणि कालवाचक पद यांनीच द्यावयाची असतात. यांपैकी एखादे पद जेथे गळते तेथे जबाबदारीही गळते. ही गोष्ट मिथेनविषयक धोरणांत विशेष ठळकपणे दिसून येते, आणि तीच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात नमूद करणे आवश्यक आहे. मिथेन वातावरणात सरासरी सुमारे १२ वर्षे टिकतो. कार्बन डायॉक्साइडच्या मानाने हे आयुष्य अल्प असले, तरी त्या अवधीत तो अतिशय तीव्रतेने उष्णता धरून ठेवतो. एक टन मिथेनचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबात एक टन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे ३० पट, तर २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक भरतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ऊर्जाक्षेत्रातून सुमारे १२ कोटी टन मिथेन बाहेर पडला. मानवी व्यवहारांतून निर्माण होणाऱ्या एकूण मिथेनच्या हा सुमारे एक तृतीयांश भाग होय. खनिज इंधनांच्या व्यवसायातील या उत्सर्जनापैकी सुमारे ७० टक्के भाग आज उपलब्ध असलेल्या तंत्रांनी टाळता येईल, असे याच संस्थेचे मत आहे. शिवाय तेल आणि वायू यांच्या व्यवसायात वाया जाणारा मिथेन हा स्वतःच विकाऊ माल असल्यामुळे, तो वाचविण्याचा बराचसा खर्च त्याच्या विक्रीतून भरून निघू शकतो. तंत्र उपलब्ध आहे, खर्चही आवाक्यात आहे, आणि तरीही वायू सुटतच राहतो. अशा परिस्थितीत अडचण कोठे आहे याचा शोध घेताना धोरणांची भाषा तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

२

या तपासणीसाठी मराठी व्याकरणाने एक सोयीचे साधन हाती दिले आहे. पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, जळणे–जाळणे, सुटणे–सोडणे अशा जोड्यांत पहिले क्रियापद अकर्मक असून ते केवळ घटना सांगते. दुसरे सकर्मक असून ते घटना घडवून आणणाऱ्या कर्त्याची अपेक्षा करते. ‘दोर तुटला’ हे वाक्य पूर्ण आहे. परंतु ‘दोर तोडला’ असे म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहतोच. या दोहोंच्या मधोमध मराठीत आणखी एक रचना आहे : ‘सुटू देणे’, ‘गळू देणे’, ‘पडू देणे’. येथे कर्ता क्रिया करीत नाही. जी क्रिया रोखणे त्याच्या हाती होते, ती तो रोखत नाही. कृती, अकृती आणि केवळ घटना यांचा हा त्रिविध भेद बोलीभाषेतही सहज पाळला जातो. ‘दूध उतू गेले’ आणि ‘दूध उतू जाऊ दिले’ यांतील अंतर कोणत्याही घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खाणी, विहिरी आणि वाहिन्या यांतून मिथेन बाहेर पडण्याचे मार्गही नेमके तीन आहेत. झडपा, सांधे आणि जुनाट नळ यांतून तो गळतो. त्यास ‘लीक’ म्हणतात. दाब कमी करण्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा खाणीतील हवा निर्धोक राखण्यासाठी तो न जाळता हवेत सोडला जातो. हे ‘व्हेंटिंग’ होय. तेलाबरोबर वर येणारा वायू नेण्याची सोय नसली की उंच नळाच्या तोंडाशी तो जाळला जातो. हे ‘फ्लेअरिंग’ होय. जाळल्याने मिथेनचे बहुतांशी कार्बन डायॉक्साइडमध्ये रूपांतर होत असल्यामुळे, नुसत्या सोडण्यापेक्षा जाळणे कमी अपायकारक असते. यांपैकी सोडणे आणि जाळणे या उघड कृती आहेत, तर गळणे ही दिसण्यास घटना असली तरी तपासणी आणि दुरुस्ती शक्य असताना ते ‘गळू देणे’च ठरते. यावरून धोरणाच्या भाषेची कसोटी निश्चित करता येते. जी भाषा सोडणाऱ्याला, जाळणाऱ्याला आणि गळू देणाऱ्याला वाक्यात आणते, ती समर्थ होय. जी या तिघांनाही वगळून केवळ ‘सुटणे’ शिल्लक ठेवते, ती दुर्बल होय.

३

या कसोटीवर सर्वप्रथम उतरवावयास हवी ती खुद्द गणनेची परिभाषा. सर्व देश आपापल्या उत्सर्जनाची नोंद ज्या आंतरशासकीय मार्गदर्शिकेच्या आधारे करतात, तिच्या २००६ च्या आवृत्तीत इंधनांचे उत्खनन, प्रक्रिया आणि वहन यांतून निसटणाऱ्या वायूंना ‘फ्युजिटिव्ह एमिशन्स’ असे नाव आहे. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पळून जाणारा’, ‘फरारी’ असा आहे. उल्लेखनीय बाब ही की, या सदरात हेतुपुरस्सर आणि अनवधानाने बाहेर पडणारा असे दोन्ही प्रकारचे वायू समाविष्ट होतात. सोडलेला आणि जाळलेला वायूही याच सदरात मोजला जातो. म्हणजे ज्याला दार उघडून बाहेर घालविले, त्याचीही नोंद ‘पळून गेला’ अशीच होते. गणनेच्या सोयीसाठी एक सदर करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती नामकरणाला. पलायनाचे कर्तृत्व पळणाऱ्याकडे जाते. येथे वायू कर्ता झाला, आणि ज्याच्या ताब्यात तो होता तो मनुष्य किंवा ती कंपनी वाक्याबाहेर राहिली.

४

दुसरे लेख्य म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या पुढाकाराने जाहीर झालेली जागतिक मिथेन-प्रतिज्ञा. मानवनिर्मित मिथेनचे जागतिक उत्सर्जन २०२० च्या पातळीपेक्षा २०३० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करावे, असे तिचे सूत्र आहे. आरंभी शंभरांहून अधिक देश तीत सामील झाले आणि पुढे ही संख्या दीडशेच्या वर गेली. तीत संख्या आहे, काळ आहे, आणि आधारवर्षही आहे. उणीव आहे ती कर्त्याची. तीस टक्क्यांची घट ही सर्वांनी मिळून करावयाची असून प्रत्येकाचे त्यातील योगदान ऐच्छिक आहे. ‘सर्वांनी’ हे कर्तृपद व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी व्यवहारात ते कोणालाच लागू पडत नाही. गावकीच्या विहिरीचा गाळ सर्वांनी काढावयाचा असे ठरले म्हणजे तो कोण काढतो, हे सर्वांना ठाऊक असते.

प्रतिज्ञेला न्याय देण्यासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ऊर्जा आणि कचरा या क्षेत्रांत मानके लावून शक्य ती सर्व घट साधावी, आणि शेतीच्या बाबतीत मात्र नवे तंत्र, प्रोत्साहन आणि शेतकऱ्यांशी सहकार्य यांचा मार्ग अनुसरावा, असा भेद तिच्या शब्दयोजनेत केलेला आहे. कारखानदाराला विध्यर्थ आणि शेतकऱ्याला विनंती, ही त्यामागील दृष्टी योग्यच आहे. तथापि हा भेद एका उपवाक्यापुरता राहिला. संख्येत तो उतरला नाही. तीस टक्क्यांचा आकडा विहीर, खाण, भातखाचर आणि गोठा यांना एकाच ‘मानवनिर्मित’ या विशेषणाखाली आणतो. या एका विशेषणाचे भारताच्या संदर्भात काय परिणाम झाले, ते पुढे पाहावयाचे आहे.

५

प्रतिज्ञेत कर्ता सामूहिक असल्यामुळे हरवतो. तेलउद्योगाच्या परिभाषेत तो व्याख्येतूनच हरवतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘रुटीन फ्लेअरिंग’ ही संज्ञा. असे नित्याचे ज्वलन २०३० पर्यंत थांबवावे, असा उपक्रम जागतिक बँकेने २०१५ मध्ये सुरू केला. डिसेंबर २०२३ मध्ये दुबई येथे ५० तेलकंपन्यांनी मान्य केलेल्या सनदेतही हेच उद्दिष्ट आले. या संज्ञेची रूढ व्याख्या अशी की, वायू पुन्हा भूगर्भात भरण्यास, जागेवर वापरण्यास किंवा बाजारात पाठविण्यास पुरेशा सोयी अथवा अनुकूल भूरचना नसताना नेहमीच्या उत्पादनात केलेले ज्वलन म्हणजे नित्याचे ज्वलन. या व्याख्येतील कारणवाचक पद लक्षात घेण्याजोगे आहे : ‘सोयी नसताना’. भूरचना निसर्गाची, हे मान्य. पण सोयी कोणी करावयाच्या होत्या? विहीर खोदण्यापूर्वी वाहिनीचा विचार कोणी केला नाही? येथे एका माणसाचा निर्णय ‘अभाव’ या नामात विरघळून गेला आहे, आणि सबबीलाच व्याख्येचे स्थान मिळाले आहे. शिवाय बंदी केवळ ‘नित्या’ची असल्यामुळे, सुरक्षेसाठी किंवा आणीबाणीत जाळलेला वायू तिच्या कक्षेबाहेर राहतो, आणि एका सदरातील ज्वलन दुसऱ्या सदरात टाकण्याचा मोह निर्माण होतो.

याच्याशी नॉर्वेच्या पेट्रोलियम कायद्यातील तरतूद ताडून पाहण्यासारखी आहे. १९९६ च्या त्या कायद्याचा आशय असा की, नेहमीच्या कामाच्या सुरक्षेसाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक पेट्रोलियम मंत्रालयाच्या संमतीविना जाळता येणार नाही. येथे नियम मनाईचा असून परवानगी हा अपवाद आहे, आणि अपवादाची मर्यादा प्रयोजनाने ठरविली आहे. सोय नाही हे कारण या वाक्यात बसत नाही. ज्याला जाळावयाचे आहे, त्याने आधी संमती मागावयाची आहे. दोन्ही रचनांचा विषय एकच असला तरी पहिली ज्वलनाचे वर्णन करते, तर दुसरी जाळणाऱ्यास उत्तरदायी ठरविते.

‘जाळणे’ या क्रियापदासंबंधी आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. उत्सर्जनाच्या हिशेबात जाळलेल्या वायूपैकी सुमारे ९८ टक्के मिथेन नष्ट होतो, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात असे. अमेरिकेतील तीन प्रमुख तेलक्षेत्रांवर विमानांतून केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार हे प्रमाण प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्केच भरले. काही ठिकाणी ज्योत नीट जळत नव्हती, तर काही ठिकाणी ती विझलेली होती. दप्तरात ‘जाळला’ असे लिहिलेल्या वायूचा काही भाग वस्तुतः ‘सोडला’ होता. शब्द आणि घटना यांतील हे अंतर केवळ मोजणीनेच उघडकीस येऊ शकते.

६

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला युरोपीय संघाचा मिथेनविषयक कायदा अधिक पक्व वाटतो. त्याच्या वाक्यांत कर्ता बहुधा स्पष्ट आहे : वाहिनीचा चालक, खाणीचा चालक, आयातदार, सदस्य राष्ट्र. चालकाने ठराविक मुदतीत गळती शोधावयाची. ठरविलेल्या मर्यादेहून मोठी गळती आढळल्यास दुरुस्तीचा पहिला प्रयत्न ताबडतोब, उशिरात उशिरा पाच दिवसांच्या आत करावयाचा, आणि दुरुस्ती तीस दिवसांत पुरी करावयाची, अशी त्यातील तरतूद आहे. तांत्रिक आणि सुरक्षाविषयक अपवाद त्यात आहेत. परंतु ‘गळणे’ या अकर्मक घटनेचे ‘गळू देणे’ या उत्तरदायी क्रियेत रूपांतर करण्याचे काम ‘पाच’ आणि ‘तीस’ या दोन संख्यांनी केले आहे. पहिल्या दिवशी जी गळती असते, ती मुदत उलटल्यावर कसूर ठरते.

बंद पडलेल्या विहिरींसंबंधीची तरतूद याहून मार्मिक आहे. अशा विहिरींची यादी करून त्यांतील उत्सर्जन मोजण्याचे आणि आवरण्याचे बंधन कायद्याने घातले असून, जेथे जबाबदार मालक सापडत नाही तेथे ते बंधन सदस्य राष्ट्रावर टाकले आहे. ज्या घटनेला कर्ता उरला नाही, तिला कायद्याने कर्ता नेमून दिला. कोळशाच्या खाणींबाबतही भूमिगत खाणीतून उपसलेला वायू तसाच सोडण्यास १ जानेवारी २०२५ पासून मनाई आहे. हवेच्या झरोक्यांतून सुटणाऱ्या मिथेनला २०२७ पासून दर हजार टन कोळशामागे पाच टनांची, आणि २०३१ पासून तीन टनांची मर्यादा आहे. कोकसाठी लागणाऱ्या कोळशाच्या खाणी मात्र तिच्यातून वगळल्या आहेत.

तरीही या कायद्याची भाषा सर्वस्वी निर्दोष नाही. त्याचे कार्यक्षेत्र सांगताना विहिरीपाशी जो ‘जीवाश्म वायू’ आहे, तोच वाहिनीत आणि साठवणीत ‘नैसर्गिक वायू’ होतो. जमिनीतून निघताना ज्याचे कूळ सांगितले जाते, गिऱ्हाइकाच्या दारी जाताना त्याचे केवळ शीलच सांगितले जाते. याहून महत्त्वाचा दोष ‘तीव्रता’ या संज्ञेत आहे. युरोप आपला बहुतांश वायू आणि तेल परदेशांतून आणतो, आणि त्यांमागील बरेचसे उत्सर्जन युरोपबाहेर घडते. त्यासाठी कायद्याच्या मूळ पाठात आयातदारांवर २०२७ पासून मोजणीची समतुल्यता सिद्ध करण्याचे, २०२८ पासून मिथेन-तीव्रता कळविण्याचे आणि २०३० पासून ती कमाल मर्यादेच्या आत राखण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने आले आहे. उद्योगाकडून आणि काही निर्यातदार देशांकडून ही कलमे शिथिल करण्याची मागणी २०२५ मध्ये जोराने झाली. तीव्रता म्हणजे उत्पादनाच्या एककामागे सुटलेला मिथेन. ते एक गुणोत्तर आहे. दोन उत्पादकांची तुलना करण्यास ते उपयोगी पडते. परंतु उत्पादन दुप्पट झाल्यास तीव्रता तीच राहून उत्सर्जन दुप्पट होऊ शकते. वातावरणाला गुणोत्तर कळत नाही. त्याला वजन कळते.

७

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द अचूक असले म्हणजे कायदा चालतो काय? या आक्षेपाला आधार देणारे उदाहरण अमेरिकेत आहे. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने तेथे मोठ्या तेल-वायू उद्योगांवर मिथेनचा आकार बसविला. ठराविक मर्यादेवरील प्रत्येक टनामागे २०२४ साठी ९००, २०२५ साठी १,२०० आणि त्यापुढे १,५०० डॉलर असा तो आकार होता. त्याचे नावही ‘अपव्यय-आकार’ असे थेट ठेवलेले होते. भाषेच्या दृष्टीने यात उणे काढण्यास फारशी जागा नव्हती. परंतु त्याची अंमलबजावणी करणारा नियम मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने हा आकारच २०३४ पर्यंत पुढे ढकलला. राजकीय इच्छा फिरली की अचूक वाक्यही निर्जीव होते, हे खरे आहे.

दुसरे उदाहरण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-यंत्रणेचे आहे. उपग्रहांनी टिपलेल्या मोठ्या गळतींची सूचना ती संबंधित सरकारांना आणि कंपन्यांना धाडते. २०२४ च्या अहवालानुसार अशा बाराशेंहून अधिक सूचनांपैकी केवळ एक टक्का सूचनांना अर्थपूर्ण उत्तर मिळाले. २०२५ च्या अहवालात हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले. आकाशातून स्थळ आणि वेळ निश्चित होऊनही बहुसंख्य संबोधितांनी मौन पाळले.

या दोन्ही उदाहरणांनी मूळ मुद्दा बाधित होत नाही. त्याची मर्यादा मात्र स्पष्ट होते. स्पष्ट कर्तृपद हे अंमलबजावणीची हमी नव्हे. ते तिची पूर्वअट आहे. अमेरिकेतील आकार पुढे ढकलावा लागला, तेव्हा तो उघडपणे, कायदा करून, तारखेनिशी ढकलावा लागला, आणि तो कोणी ढकलला हे सर्वांना सांगता आले. संदिग्ध वाक्य कोणाला पुढे ढकलावेच लागत नाही. ते जन्मतःच पुढे ढकललेले असते. सूचनांना मिळालेल्या मौनाचीही गणना होऊ शकली, ती प्रत्येक सूचनेला निश्चित संबोधित होता म्हणून.

८

भारत जागतिक प्रतिज्ञेत सामील झालेला नाही. देशातील मिथेनचे प्रमुख स्रोत जनावरांचे रवंथ आणि भातशेती हे असून त्यांवर अल्पभूधारक शेतकऱ्यांची उपजीविका अवलंबून आहे. हे उत्सर्जन चैनीचे नसून जगण्याचे आहे, अशी भूमिका केंद्र सरकारने मांडली आहे. ‘जगण्याचे’ आणि ‘चैनीचे’ हा भेद अर्थपूर्ण आहे. ‘मानवनिर्मित’ या सरसकट विशेषणाने जे पुसले होते, ते त्याने पुन्हा रेखाटले. शासकीय गणनेनुसार २०१६ मध्ये देशातील मिथेनपैकी सुमारे ७४ टक्के शेतीक्षेत्राचा होता; ऊर्जाक्षेत्राचा वाटा साधारण साडेदहा टक्के होता.

परंतु येथेच सावध राहणे अवश्य आहे. ‘जगण्याचे’ हे विशेषण गोठ्याला आणि भातखाचराला शोभते. त्याच्या आडोशाला खाण, विहीर आणि वाहिनी यांनाही जागा मिळाली, तर पहिल्या चुकीची जागा दुसरी घेईल. प्रतिज्ञेच्या शब्दाने विहिरीला गोठ्याच्या शेजारी बसविले. प्रतिज्ञेच्या नकाराने तिला गोठ्याच्या आत लपवू नये. साडेदहा टक्क्यांच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हलाखीचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे कर्ता निश्चित आहे, आणि तो बहुधा सार्वजनिक उद्योग आहे.

शिवाय या क्षेत्रात मिथेन मोजण्याची भाषा भारताला नवी नाही. कोळसा खाणींच्या १९५७ च्या विनियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांनीही, भूमिगत थरांच्या वायुमयतेच्या तीन श्रेणी ठरविल्या आहेत. टनामागे एक घनमीटरपर्यंत ज्वालाग्राही वायू सुटतो ती पहिली, एक ते दहा घनमीटर ती दुसरी, आणि दहाहून अधिक ती तिसरी. हे मोजमाप स्फोटाच्या भयाने आले. २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडातील धोरी खाणीत झालेल्या स्फोटाने अडीचशेहून अधिक खाणकामगारांचा बळी घेतला, हे स्मरणात असावयास हवे. कामगाराच्या जिवासाठी जो वायू घनमीटरांत मोजला जातो आणि ज्याच्यासाठी व्यवस्थापकाला नावाने जबाबदार धरले जाते, तोच वायू झरोक्यातून बाहेर पडला की ‘फरारी’ ठरतो. आज देशातील ९० टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथे झरोकाही नसतो. वायू साऱ्या पृष्ठभागावरून निसटतो, आणि भूमिगत थरांसाठीच्या या श्रेणी तेथे उपयोगी पडत नाहीत. चंद्रपूर आणि वणी परिसरातील खाणींमुळे हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही.

९

या विवेचनातून मराठी परिभाषेपुरता एक निष्कर्ष निघतो. या विषयावरील अहवाल, पाठ्यपुस्तके आणि वृत्ते आज मराठीत येऊ लागली आहेत, आणि मूळ इंग्रजी संज्ञांचे दोष त्यांच्याबरोबर येण्याचा संभव आहे. ‘फ्युजिटिव्ह’ला ‘फरारी’ किंवा ‘पलायित’ असा प्रतिशब्द देणे शब्दशः बरोबर ठरले, तरी अर्थतः अन्यायाचे होईल. ‘इंधनव्यवसायातील उत्सर्जन’ अशी साधी संज्ञा पुरेशी आहे. ‘व्हेंटिंग’ला ‘वायू सोडणे’ आणि ‘फ्लेअरिंग’ला ‘वायू जाळणे’ म्हणावे. तत्सम नामांच्या मागे क्रियापद लपवू नये. ‘गळती’ हा रूढ शब्द राहू द्यावा. मात्र मुदतीत न थांबविलेल्या गळतीसाठी ‘गळू दिलेला वायू’ असे स्वतंत्र सदर करावे.

इंग्रजीच्या अनुकरणाने ‘वायूचे उत्सर्जन झाले’ असे लिहिण्याची सवय प्रशासकीय मराठीला जडत आहे. भाषेच्या स्वभावात ‘वायू सोडला’ हे वाक्य आहे, आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ ‘कोणी?’ हा प्रश्न आहे. मिथेनविषयक धोरणाचे निम्मे काम त्या प्रश्नाला जागा ठेवण्याचे आहे. उरलेले निम्मे, त्याचे उत्तर मोजून घेण्याचे.